सड्यावरचं जनावर

“सर, हे मशीन आता दुरुस्तीला नाही, भंगारात द्यायचं आहे,” मी म्हटलं.

खातू सर पडवीत माझ्यासमोर उकिडवे बसले होते. आमच्या दोघांच्या मध्ये त्यांचा कॉम्प्युटर जमिनीवर आडवा पडला होता, एका बाजूचा पत्रा काढलेला. तो पत्रा त्यांनी वर्षानुवर्षं लावलाच नव्हता, कारण म्हणे मशीन तापतं. आतली धूळ बघून मला शिंका आवरेनात. मशीन माझ्याच हातचं. लांज्याला दुकान काढलं तेव्हा पहिलं गिऱ्हाईक हेच, शाळेत मला चित्रकला शिकवणारे सर.

“चार वाजेपर्यंत चालायला हवं, चारू,” सर म्हणाले.

“चार वाजेपर्यंत चहा होईल. हे नाही.”

“जयराम चारला येणार आहे.”

मी पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर उचलला. जयराम गोताड चारला का येणार, हे आमच्या सगळ्या गावाला ठाऊक होतं.

आमच्या गावाच्या डोक्यावर सडा आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. पावसाळ्यात फुलं, बाकीचे आठ महिने तापलेला तवा. त्यातला पश्चिमेकडचा तुकडा जयरामदादांचा. त्या तुकड्यावर दगडात कोरलेल्या काही रेघा होत्या. कोणी म्हणायचं पांडवांनी एका रात्रीत कोरल्या, कोणी म्हणायचं गुराख्यांचे उद्योग. मी लहानपणी त्याच रेघांवरून उड्या मारत शाळेत गेले आहे, आणि मला विचाराल तर तिथे काहीही नव्हतं. हातभर रुंदीचे, चार बोटं खोलीचे चर. त्यात माती आणि सुकलेलं शेवाळ. पण सर निवृत्त झाले आणि त्या रेघांच्या नादी लागले ते लागलेच. म्हणायचे, हे चित्र आहे, प्रचंड मोठं आहे, आपण त्याच्या पोटावर उभे राहून विचारतो की चित्र कुठे आहे.

आता जयरामदादांनी तो तुकडा चिरेखाणीला द्यायचं ठरवलं होतं. त्या पैशावर दोन मुलांची घरं उभी राहायची होती, माणूस काही वाईट नव्हता. सोमवारी सकाळी दगड कापायचं मशीन सड्यावर चढणार होतं. सर त्यांच्या दारात पाच वेळा जाऊन आले. शेवटी दादा वैतागून म्हणाले, “सर, मला ता चित्र दिसू दे. दिसला तर सोडतो. नाय दिसला तर परत माझ्या दारात यायचा नाय.”

सरांनी आंबे काढायच्या झेल्याची जाळी काढली, त्या काठीला कॅमेरा बांधला आणि सगळा तुकडा वरून टिपला. अकराशे की बाराशे फोटो. पुण्याला त्यांचा एक जुना विद्यार्थी असतो, त्यानं ते फोटो एकमेकांना जोडून आख्खा सडा कॉम्प्युटरमध्ये उभा केला. वर-खाली, मागे-पुढे कसाही फिरवून बघावा असा. त्यातून काढलेलं एक चित्र छापून सरांनी दादांना दाखवलं, तर दादा म्हणाले, “ता तुमी रंगवलाय. तुमी ड्रॉइंगचेच मास्तर. मला माझा सडा फिरवून दाखवा. माझी करवंदीची जाळी कुठं हाय, माझा पाणी प्यायचा खळगा कुठं हाय, ता सगळा मी शोधणार, मग बोलणार.”

आता हे फिरवून दाखवणं सरांच्या मशीनच्या बापाला जमणार नव्हतं. फाइल उघडली की पडदा काळा आणि माउस मेलेला. म्हणून त्या विद्यार्थ्यानं स्वतःचं जुनं ग्राफिक कार्ड एसटीच्या पार्सलनं पाठवलं होतं. चांगलं हातभर लांब, दोन पंख्यांचं. माझ्या दुकानातली सगळी मशीनं चपट्या डब्यांची, त्यात ते मावेना. मावलं असतं तर ते या डबड्यातच. हा डबा मी त्या काळी सरांना मुद्दाम मोठा दिला होता, का, तर दुकानात दुसरा नव्हता.

“हे कार्ड नक्की करतं काय गं?” आतून काकू चहा घेऊन आल्या.

“काकू, तुम्ही एकट्याच स्वयंपाक करता, वाढता, भांडी घासता. त्यात पंगत आली तर? मग चपात्या लाटायला वेगळी बाई लावता ना? ही ती बाई. फक्त चित्रं लाटते.”

“मग हिला जेवायला काय घालायचं?”

काकूंचा प्रश्न अगदी बरोबर होता. त्या बाईला वीज फार लागते. जुना पॉवर सप्लाय तिला पुरला नसता, म्हणून मी दुकानातून मोठा आणला होता. तो बसवला. मेमरीच्या जुन्या पट्ट्या काढून मोठ्या घातल्या. विंडोज नवं टाकलं, त्यातच एक वाजला. मग कार्ड हातात घेतलं, बोर्डावरच्या लांब खाचेत दाबलं. ती खाच आजवर कधी वापरलीच नव्हती. कार्ड बसलं असं वाटलं. स्क्रू पिळला, मॉनिटरची वायर कार्डाला लावली, बटण दाबलं.

पंखे फिरले. पडदा काळा. आणि मशीन ओरडलं, एक लांब, दोन आखूड.

“काय म्हणतंय?” सरांनी विचारलं.

“म्हणतंय, चित्रं काढणारी बाई आलेलीच नाही.”

काढलं, परत बसवलं. एक लांब, दोन आखूड. कार्डाचे पाय खोडरबरनं घासले, परत बसवलं. तेच. माझं डोकं तापायला लागलं. माझा स्वभाव असा की मशीन बिघडलं की मी आधी मशीनला शिव्या देते, मग गिऱ्हाइकाला, आणि शेवटी स्वतःला. त्या दिवशी गिऱ्हाईक सर होते, त्यामुळे मधला टप्पा गाळावा लागला.

“बोर्डातला प्रोग्रॅम जुना आहे,” मी म्हटलं. “मशीन उठल्या उठल्या तो घरात कोण कोण आहे ते मोजतो. हे कार्ड त्याच्यानंतर सात वर्षांनी जन्मलं, त्याला ते पाहुणं वाटत असेल. तो प्रोग्रॅम बदलते. पण सर, बदलताना लाइट गेली तर बोर्ड कायमचा मेला. मग मला काही सांगू नका.”

“किती वेळ?”

“तीन मिनिटं.”

सरांनी वर पंख्याकडे बघितलं. आमच्याकडे रविवारी दुपारी तीन मिनिटं लाइट टिकेल हे देवसुद्धा छातीठोकपणे सांगणार नाही. यूपीएसची बॅटरी फुगून गेलेली. काकूंनी आत जाऊन फ्रिज बंद केला, मग पंखा, मग पाण्याचा पंप. त्यानं लाइट जायची थांबत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगवेनाच.

कार्ड काढून, जुन्या पडद्यावर ते काम सुरू केलं. आकडा पुढे सरकत होता. बावीस टक्के. चाळीस. साठला दिवा एकदा मिचकला. सरांनी माझं मनगट धरलं, शाळेत रेघ वाकडी आली की धरायचे तसं. मग सत्तर. मग शंभर.

“झालं!” मी ओरडलेच.

कार्ड पुन्हा बसवलं. बटण दाबलं. एक लांब, दोन आखूड.

मी स्क्रू-ड्रायव्हर खाली आपटला. सर उठून पडवीच्या खांबाला टेकले. साडेतीन वाजून गेले होते.

“राहू दे, चारू,” ते म्हणाले. “तुझ्याकडून काही कमी झालं नाही. मीच... चौतीस वर्षं पोरांना बघायला शिकवलं आणि एका माणसाला दाखवता येईना मला.”

मला रडू यायला लागलं, म्हणून मी मशीनवर खेकसले, “चालत कसं नाही, बघतेच!” आणि कार्ड परत उपटलं.

तेवढ्यात पायऱ्यांवर चपला वाजल्या. जयरामदादा आले, वेळेआधीच. पासष्टीचा काटक माणूस, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. त्यांनी सरांना हात जोडले, काकूंनी दिलेलं पाणी प्यायले आणि माझ्या शेजारी मशीनसमोर मांडी घालून बसले. मी कार्ड आत घालते, काढते, हे पाच मिनिटं बघत राहिले. जन्मभर दगडातल्या भेगा बघितलेले डोळे ते.

“गो पोरी,” ते म्हणाले, “त्या चिरेत लाल काय हाय?”

“कुठे?”

त्यांनी करंगळीनं त्या लांब खाचेचं मागचं टोक दाखवलं. मी मोबाइलचा टॉर्च मारला. खाचेच्या तळाशी लालसर पूड बसली होती आणि तिच्यात काहीतरी पांढरं रुतलेलं. सुई मागितली. सुईनं उचकटलं आणि तळहातावर घेतलं.

तांदळाचा दाणा. कुंकू लागलेला. त्याच्या मागे अजून एक, अर्धा.

आम्ही तिघांनी एकदम काकूंकडे बघितलं.

“दसऱ्याच्या,” काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला. “दर वर्षी पूजा करते ना मी. ह्यांच्या पुस्तकांची, मशीनची. हळद-कुंकू, अक्षता.”

“पण आत कशाला घातल्या, काकू!”

“उघडंच तर असतं ते! मला वाटलं, खरं यंत्र आत आहे. आतल्या यंत्राला वाहायच्या नाहीत तर काय पत्र्याला वाहायच्या?”

जयरामदादांनी मान डोलावून काकूंची बाजू घेतली. मी हसत सुटले, आणि हसता हसता जुन्या टूथब्रशनं इतक्या दसऱ्यांचं कुंकू झाडत होते. सर म्हणाले, “शालन, धन्य आहेस,” आणि तेही हसायला लागले. काकूंना राग आला, तोही आम्हाला बरा वाटला.

या वेळी कार्ड आत जाताना टक् असा आवाज झाला. तो आवाज दुपारपासून एकदाही झाला नव्हता, आणि मी, एवढी मोठी मेकॅनिक, त्याची आठवणच ठेवली नव्हती. बटण दाबलं. पंखे गुरगुरले. एकच बारीकशी टीक झाली आणि पडदा उजळला.

मला वाटलं होतं, आता झालं, माझं काम संपलं. हत्यारं गोळा करावीत आणि घरी जावं. कार्डाचा प्रोग्रॅम टाकला, सरांनी पेन ड्राइव्ह लावला आणि फाइल उघडली. मी वायर गुंडाळता गुंडाळता वर बघितलं आणि माझे हात थांबले.

पडद्यावर सडा होता. फोटो नव्हे, सडा. सरांनी माउस ओढला की तो वळत होता, जवळ येत होता, एवढा जवळ की दगडातली भोकं दिसावीत. माझ्या दहा वर्षांच्या पायांनी तुडवलेली ती जागा मी पाखराच्या डोळ्यांनी बघत होते. मशीन जराही अडखळत नव्हतं.

“थांबा,” जयरामदादा म्हणाले. “माझी जाळी दाखवा.”

सरांनी कोपऱ्यात नेलं. करवंदीची जाळी होती.

“खळगा?”

खळगा होता. त्याच्या काठावर दादांनी लहानपणी धार लावलेल्या कोयत्याचे ओरखडेसुद्धा होते. दादांनी ते बोटानं मोजले. चार.

“बरोबर,” ते म्हणाले. “माझाच सडा हाय.”

“आता ऊन खाली उतरवतो,” सर म्हणाले.

त्या प्रोग्रॅममध्ये ऊन हवं तिकडे नेता येत होतं. सरांनी ते माथ्यावरून खाली खाली आणलं, पार क्षितिजाला टेकवलं. आणि हळूहळू त्या रेघा सावलीनं भरायला लागल्या. आधी एक, लांबलचक, पाठीसारखी. मग पोट. मग पाय, एक, दोन, तीन, चार. मी उड्या मारायचे ते चर म्हणजे त्याच्या बरगड्या होत्या. एक जनावर दगडातून वर आलं, भरदार, चालतं, शेपूट किंचित उचललेलं. आणि त्याच्या मागच्या पायापाशी, ज्याला आम्ही जन्मभर तडा समजत होतो तिथे, तसंच एक छोटं जनावर. पिल्लू.

काकूंनी नकळत हात जोडले होते.

“अगो बाय,” मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही. हजारो वर्षं ते तिथे होतं आणि मी त्यावर शेंगांची टरफलं टाकली होती. कोणी कोरलं असेल? तेव्हा शिडी नव्हती, झेल्याला बांधायला कॅमेरा नव्हता. एवढं मोठं चित्र, ज्यानं काढलं त्याला ते एकदाही अख्खं दिसलं नसणार. तरी एक रेघ चुकली नव्हती.

“शेपटीपासून इथपर्यंत छत्तीस फूट,” सर हलकेच म्हणाले. ते पडद्याकडे नव्हे, जयरामदादांकडे बघत होते.

दादांनी बोटानं पाठीची रेघ धरली आणि पुढे नेत नेत मानेपर्यंत आणली. तिथे रेघ संपत होती. मान अर्ध्यातच, सुरीनं कापल्यासारखी सरळ, आणि पुढे नुसती खोल सपाट जागा.

“तिथे फोटो कमी पडले असणार,” सर म्हणाले. “झाडोरा होता, काठी पोचली नाही. पुन्हा घेईन मी.”

“फोटो कमी नाय पडले,” जयरामदादा म्हणाले.

“अहो, होतं असं, जोडताना...”

“सर, ता मी कापलाय.”

मी हातातली वायर खाली ठेवली.

“बाबा होता तेव्हा. मी एकोणीस वर्षांचा,” दादा सांगायला लागले, पडद्यावरून नजर न काढता. “तेव्हा मशीन कुठला, हातानं टिकाव घालायचो. घर बांधायचा होता. बाबा म्हणाला, त्या टोकापासून काढ. चाळीसेक चिरे काढले आमी तिथून. डोका... डोका मीच कापला.”

सरांचा हात माउसवर तसाच राहिला. मला वाटलं, आता ते काहीतरी बोलतील, रागावतील. चार वर्षं त्या रेघांपायी उन्हात करपलेला माणूस. पण ते उठले, आत गेले आणि खडूचा डबा घेऊन आले.

“जयराम,” ते म्हणाले, “ते डोकं कसं होतं, हे या मशीनला कधीच कळणार नाही. मलाही नाही. जगात ते तुम्ही एकट्यानंच पाहिलंय.”

“तेव्हा मी बघितला कुठं, सर? मी चिरे बघितले.”

“हातांनी तर बघितलंत.”

दादांनी डब्यातला एक खडू उचलला. मग डोक्याचा टॉवेल सोडून बाजूला ठेवला आणि पडवीच्या फरशीवर गुडघे टेकले. पडद्यावर मान जिथे तुटत होती ती जागा त्यांनी फरशीवर ठरवून घेतली, तिथे खडू टेकवला आणि डोळे मिटले.

“रेघेवर दगड आधीच खोल,” ते पुटपुटले. “तिथं लवकर सुटायचा. म्हणून मी रेघ धरूनच टिकाव घालायचो. पयला चिरा असा सुटला. दुसरा ह्या अंगाला...”

खडू सरकायला लागला. वर गेला, तिथे दोन छोटे वळसे घेतले, कान असावेत. मग खडू पुढे जायचा तो एकदम मागे वळला, पाठीच्या दिशेला.

“जयराम, तोंड पुढच्या बाजूला असेल,” सरांनी अलगद सांगितलं. “जनावर तिकडे चाललंय.”

“सर, तुमी नाय बघितलात. मी बघितलाय.” दादांनी डोळे उघडले नाहीत. “हितं मला उलटा बसून टिकाव घालावा लागलेला. बाबा ओरडला होता, सरळ का नाय कापत म्हणून. रेघच उलटी वळत होती.”

कपाळ आलं. नाकाचा फुगवटा आला. शेवटी एक लहानसं वाटोळं, डोळा. दादांनी खडू खाली ठेवला आणि बघितलं. आधी फरशीवर, मग पडद्यावर. आम्हीही तसंच बघितलं.

ते जनावर मान मागे वळवून बघत होतं. त्या डोळ्यातून सरळ रेघ धरली तर ती पोटावरून, बरगड्यांवरून जाऊन पिल्लापाशी पोचत होती.

“पोर मागनं येताय का, ता बघतेय ती,” जयरामदादा म्हणाले.

त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. सर खाली बसले होते, त्यांचा हात दादांच्या पाठीवर होता. सरांचा चेहरा मला आजही दिसतो. या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली, पण दुकानात कोणाचं मशीन उघडताना एवढ्या विश्वासानं मी कधी कशाकडे बघितलेलं नाही, जेवढ्या विश्वासानं सर त्या खडूच्या डोक्याकडे बघत होते. पुस्तकात असं डोकं कोणी मानेल की नाही, याची त्यांना फिकीर नव्हती.

थोड्या वेळानं दादांनी खिशातून फोन काढला. ठेकेदाराला लावला. आम्हाला पलीकडचा आवाज ऐकू येत होता, मशीन टेम्पोवर चढवलंय, सकाळी सातला पोचतो, म्हणत होता.

“नको आणू,” दादा म्हणाले. “नाय, दगडात खोट नाय. दगड चांगला हाय.”

पलीकडून विचारणा झाली. दादांनी एकदा फरशीकडे बघितलं.

“जागा रिकामी नाय रे ती,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.